देणगीचा फोन आणि तोंडातून न निघणारं ‘नाही’

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी देणगी मागणाऱ्या फोनबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या दोन ओळींवरच इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. कर्जाचा किंवा क्रेडिट कार्डचा फोन आला तर आपण ‘नको’ म्हणून पटकन ठेवून देतो, पण पलीकडून कोणी देवाचं, आजारी मुलाचं किंवा वृद्धाश्रमाचं नाव घेतलं की हात थबकतो. पत्रं वाचताना हेच सारखं जाणवत होतं, लिहिणारी माणसं चिडलेली कमी आणि अवघडलेली जास्त आहेत. काही पत्रं थोडी लहान केलीयत, नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी एका धार्मिक संस्थेचा फोन आला, अनाथ मुलांसाठी मदत मागत होते, बाबांनी थोडी रक्कम दिली. तेव्हापासून दर आठवड्याला फोन. कधी मुलांचं शिक्षण, कधी प्रार्थनास्थळाचं छप्पर, कधी ‘तुमच्या घरासाठी आम्ही खास प्रार्थना ठेवलीय, मुलांची नातवंडांची नावं सांगा’. बाबांना फोन ठेवताच येत नाही. म्हणतात देवाच्या नावाने कोणी मागितलं आणि आपण तोंडावर नाही म्हटलं तर पाप लागतं. मी एकदा चिडून ओरडले, तर आता मला न सांगता देतात. काय करू?

उत्तर : आधी ओरडणं थांबव, कारण त्याने फोन बंद झाले नाहीत, फक्त बाबांनी तुला सांगणं बंद केलं, आणि तेच जास्त धोक्याचं आहे. त्यांना जे वाटतंय त्याला वेडेपणा समजू नकोस. ज्या माणसाने आयुष्यभर दारात आलेल्याला रिकामं पाठवलं नाही त्याला फोनवरचा आवाजही दारात उभ्या असलेल्या माणसासारखाच वाटतो, त्यात त्यांची काही चूक नाही.

पण दान देणं ही एक गोष्ट आहे आणि फोन वाजल्यावर त्या क्षणी ‘हो’ म्हणणं ही दुसरी, हे त्यांच्याशी शांतपणे बोलायला हवं. आपल्याकडे सत्पात्री दान म्हणतात ना, त्यात पात्र कोण हे देणाऱ्याने बघायचं असतं. दोन मिनिटांच्या फोनमध्ये, समोरचा माणूस न दिसता, कागद न बघता ते कसं बघणार? भीड पडली म्हणून जे हातातून सुटतं त्याला मी तरी दान म्हणणार नाही. भीड ही भिकेची बहीण हे आपल्या मोठ्यांनीच सांगून ठेवलंय, आणि बाबांनी ते तुझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

माझ्या मावशीच्या बाबतीत जे उपयोगी पडलं ते सांगते. तिच्याही घरी असे फोन यायचे, आणि ती प्रत्येक फोनवर इतकी बोलायची की शेवटी तिलाच दम लागायचा. एका दुपारी मी तिच्यासोबत वही घेऊन बसले. मी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की मावशी, वर्षभरात तुला किती द्यायचंय आणि कोणाला? तिने बराच वेळ विचार केला, दोन नावं लिहिली, एक खोडलं, परत दुसरं लिहिलं, पुढे आकडा लिहिला. मग त्याच कागदाच्या खाली मी तिला तिच्याच अक्षरात तीन वाक्यं लिहायला लावली : ‘आमचं यंदाचं दान ठरलंय. मी फोनवर देणगी देत नाही. माझा नंबर तुमच्या यादीतून काढा.’ तो कागद फोनशेजारी भिंतीला चिकटवला. पहिल्या दोन-तीन फोनना तिने अक्षरशः वाचून दाखवलं, मध्ये समोरचा काही बोलला तर परत पहिल्यापासून वाचलं, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मोठी परीक्षा दिली. नंतर तिला कागद लागला नाही. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचं दान कमी झालं नाही, ती अजूनही देते, पण ज्यांना द्यायचं तिने ठरवलंय त्यांनाच.

बाबांसोबत असंच बस. पैसे त्यांचे आहेत, निर्णयही त्यांचाच राहू दे, तू फक्त शेजारी बस. त्याच वेळी बँकेत दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाण्याची कुठे परवानगी दिली गेलीय का तेही दोघं मिळून बघा, फोनवर ‘हो हो’ म्हणता म्हणता हे बऱ्याच जणांकडून होऊन जातं आणि पुढे कित्येक महिने लक्षातच येत नाही.

राहिली प्रार्थनेची गोष्ट. मुला-नातवंडांची नावं सांगू नका, हे मी अगदी निक्षून सांगते. एकदा नावं कळली की पुढच्या फोनवर ‘तुमच्या अमक्या नातवासाठी आज विशेष प्रार्थना झाली’ असं ऐकायला मिळतं, आणि मग नाही म्हणणं म्हणजे जणू नातवाचंच काही वाईट चिंतणं असं म्हाताऱ्या माणसाला वाटायला लागतं. ज्याला खरंच मनापासून प्रार्थना करायची आहे तो आपल्या घरातली नावं न विचारताही करेल. बाबांना हेच वाक्य सांगून बघ, मला वाटतं त्यांना पटेल.

आणि तरीही जमलं नाही तर फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी नंबर न वाजू देण्याची सोय असते. आयफोनवर ती २०१९ पासून आहे, बऱ्याचशा अँड्रॉइड फोनमध्येही मिळते. फक्त ती चालू करायच्या आधी डॉक्टर, हॉस्पिटल, बँक, शेजारी, सगळे नंबर सेव्ह करून घे, नाहीतर नेमका गरजेचा फोन वाजणार नाही. आणि बाबांना न सांगता हे करू नकोस.

प्रश्न : मी कधी उद्धटपणे बोलत नाही. ‘आत्ता जमणार नाही, बघू, नंतर करा’ असं चांगल्या शब्दात सांगते. तरी त्याच संस्थेचे फोन येतच राहतात, दर वेळी वेगळी मुलगी, पण सुरुवात तीच. यांना कळत नाही का की मला द्यायचं नाहीये?

उत्तर : नाही, कळत नाही. आणि हे मी खात्रीने सांगू शकते कारण कॉलेज संपल्यावर काही महिने मी स्वतः अशा एका फोन करणाऱ्या खोलीत काम केलंय. संस्थेचं नाव सांगत नाही, कामं चांगली होती त्यांची, पण फोनचं काम एका बाहेरच्या कंपनीला दिलेलं होतं आणि मी त्या कंपनीची पगारी माणूस होते.

काय असायचं सांगते. कानाला हेडसेट, समोर स्क्रीन. नंबर आम्ही लावायचो नाही, मशीन लावायचं, एकाच वेळी बरेच, आणि जो कोणी उचलेल तो ज्या मुलीचा हात रिकामा आहे तिच्याकडे जायचा. तुम्ही ‘हॅलो’ म्हणता आणि एक-दोन सेकंद पलीकडे काहीच ऐकू येत नाही, ते म्हणजे हेच, मशीन तेवढ्यात माणूस शोधत असतं. तेवढ्या शांततेतच फोन ठेवलात तरी चालतं, कोणाचा अपमान होत नाही कारण तिथे अजून कोणी नसतंच.

मग स्क्रीनवर तुमचं नाव यायचं, मागे कधी आणि किती दिले ते यायचं, आणि खाली बोलायचा मजकूर. तुम्ही काही कारण सांगितलंत की त्या कारणाचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असायचं. ‘पैसे नाहीत’ म्हणालात तर कमी रक्कम मागायची. ‘नवऱ्याला विचारते’ म्हणालात तर ‘कधी फोन करू?’. ‘आम्ही दुसरीकडे देतो’ म्हणालात तर आधी कौतुक आणि मग परत विनंती. म्हणजे प्रत्येक कारण हे एक दार होतं, त्यातून परत आत यायचं. बोलणं संपलं की एक बटण दाबायचं : हो, नंतर, नाही. आणि तुमचं ‘बघू, नंतर करा’ आम्ही काय समजायचो? नंतर. ते बटण दाबलं की तुमचा नंबर रांगेत परत जायचा आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या मुलीच्या स्क्रीनवर यायचा, तिच्या दृष्टीने तुम्ही स्वतःच बोलावलेलं असायचं. साधं ‘नाही’ पण कायमचं नसायचं, ते पुढच्या मोहिमेपर्यंतच. एक चौथा पर्याय होता, ‘परत फोन करू नये’, पण तो त्या तीन बटणांच्या शेजारी नव्हता, खालच्या यादीत उघडून शोधावा लागायचा आणि माणसाने ते शब्द स्पष्ट उच्चारले तरच वापरा असं आम्हाला सांगितलेलं होतं.

तेव्हा तुमच्या चांगुलपणानेच तुमचा नंबर जिवंत राहिलाय. चांगल्या शब्दातच बोला, पण शब्द बदला : ‘मला परत फोन करू नका, माझा नंबर कायमचा काढा.’ कारण देऊ नका. एकही नाही. कारण दिलं की त्याला उत्तर आहे, कारण न देता केलेल्या विनंतीला त्या मजकुरात उत्तर नसायचं, आम्ही तिथे खरोखर अडायचो.

अजून एक. ती मुलगी सुरुवातीला ‘कसे आहात?’ विचारते ना, ते फक्त सौजन्य नसतं. १९९० साली डॅनियल हॉवर्ड नावाच्या अमेरिकन संशोधकाने नेमकं हेच फोनवर करून बघितलं होतं. भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या समितीकरता कुकीज विकायला आमचा माणूस घरी पाठवू का, असं लोकांना विचारलं. सरळ विचारलं तेव्हा १८ टक्के लोक हो म्हणाले, आणि आधी ‘आज कसं वाटतंय तुम्हाला?’ विचारून, त्यांच्या उत्तरानंतर मागणी केली तेव्हा ३२ टक्के. एकदा ‘मी मजेत आहे’ असं आपल्याच तोंडून गेलं की मग अडचणीतल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं आपलं आपल्यालाच वाटतं. तसंच ‘अगदी थोडे दिले तरी चालतील’ या वाक्याचं. रॉबर्ट चाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं की ‘एक पैसासुद्धा उपयोगी पडेल’ अशा अर्थाचं वाक्य जोडलं तर देणाऱ्यांचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जातं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, फक्त परत कधी ते वाक्य कानावर पडलं आणि मन विरघळलं तर आपण कमकुवत आहोत असं समजू नका, ते वाक्य त्यासाठीच तिथे ठेवलेलं असतं.

प्रश्न : मी ज्या संस्थेचं नावही ऐकलं नाही तिच्याकडे माझा नंबर, नाव, माझा धर्मसुद्धा कसा पोचतो?

उत्तर : बहुतेक वेळा तुम्ही जिथे खरंच मनाने दिलंय तिथून. एखाद्या कार्यक्रमात भरलेला फॉर्म, देणगीच्या पावतीवर लिहिलेला नंबर, प्रार्थनेसाठी नाव नोंदवताना दिलेला पत्ता, मग ती यादी कोणीतरी कोणाला देतं, बदल्यात दुसरी घेतं, कधी सरळ विकत घेतं. नाव-आडनावावरून धर्माचा अंदाज बांधणं तर काहीच अवघड नाही.

ब्रिटनमध्ये २०१५ साली ९२ वर्षांच्या एका आजींमुळे हे सगळं उजेडात आलं. अनेक वर्षं त्यांनी स्वतः माजी सैनिकांसाठी निधी गोळा केला होता आणि कितीतरी संस्थांना त्या नियमित देत होत्या. त्या गेल्यानंतर चौकशी झाली तेव्हा ९९ संस्थांकडे त्यांची माहिती असल्याचं निघालं आणि एका वर्षात त्यांना देणगी मागणारी ४६६ पत्रं आली होती. त्यांच्या घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यांच्या मृत्यूचा दोष संस्थांवर टाकू नका, पण हा मारा मात्र त्रासदायक होता. मला यात सगळ्यात जास्त काय लागतं तर हे, की जो जास्त देतो त्याच्याकडेच जास्त माणसं मागायला येतात, म्हणजे उदारपणाचीच शिक्षा.

यापुढे देणगी देताना फॉर्मवर फोन नंबर बंधनकारक नसेल तर लिहू नका, आणि ‘माझी माहिती दुसऱ्या कोणाला देऊ नये’ असं एक वाक्य लिहून खाली सही करा. छोटी गोष्ट आहे पण उद्या वाद झाला तर तुमच्या हातात काहीतरी असतं.

प्रश्न : डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंदणी) करून दोन वर्षं झाली तरी देणगीचे फोन येतात. माझा भाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडेही तसंच आहे, यादीत नाव घालूनही संस्थांचे फोन थांबत नाहीत. मग त्या यादीचा उपयोग काय?

उत्तर : उपयोग आहे, पण बऱ्याच देशांमध्ये त्या यादीत धर्मादाय संस्थांसाठी मुद्दाम दार उघडं ठेवलेलं आहे आणि हे लोकांना माहीत नसतं, म्हणून फसवल्यासारखं वाटतं.

तुमच्या भावाला सांगा, अमेरिकेतली राष्ट्रीय ‘डू नॉट कॉल’ यादी २००३ मध्ये सुरू झाली ती माल आणि सेवा विकणाऱ्यांसाठी, देणगी मागणारे फोन त्यात धरलेले नाहीत, राजकीय फोन आणि सर्व्हेसुद्धा नाहीत. पण संस्थेने पैसे देऊन बाहेरची कंपनी नेमली असेल तर त्या कंपनीवर तीन बंधनं आहेत. सुरुवातीलाच कोणत्या संस्थेसाठी बोलतोय आणि देणगी मागायला फोन केलाय हे सांगायचं, सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ नंतर फोन करायचा नाही, आणि त्या संस्थेसाठी परत फोन करू नका असं तुम्ही एकदा म्हटलं की तुमचा नंबर नोंदवून ठेवून परत करायचा नाही. संस्थेचे स्वतःचे कार्यकर्ते फोन करत असतील तर हा नियम लागू होत नाही, तिथे मात्र थेट संस्थेलाच लेखी कळवणं हा मार्ग. कॅनडातही २००८ पासूनच्या यादीतून नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना सूट आहे, पण त्यांना स्वतःची ‘फोन करू नये’ यादी ठेवावीच लागते, म्हणजे तिथेही तुम्ही ते वाक्य बोलण्याला अर्थ आहे. ऑस्ट्रेलियातल्या २००७ च्या यादीतही धर्मादाय संस्थांना सूट आहे.

ब्रिटनची पद्धत मला सगळ्यात माणुसकीची वाटते. तिथल्या टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिसमध्ये नंबर टाकला की धर्मादाय संस्थांनाही तुमच्या संमतीशिवाय फोन करता येत नाही. शिवाय त्या आजींच्या प्रकरणानंतर देणग्या मागण्यावर लक्ष ठेवणारा नवीन नियामक आला आणि २०१७ पासून अशी सोय आहे की एखाद्या विशिष्ट संस्थेचं नाव सांगून तिचे फोन, पत्रं, मेसेज सगळं बंद करता येतं, ठरावीक मुदतीत त्या संस्थेने थांबवायचं असतं. वयस्कर नातेवाइकासाठी त्याच्या घरचं माणूससुद्धा ही विनंती करू शकतं.

आणि तुमच्यासाठी, भारतात. डीएनडी म्हणजे ट्रायची, आपल्या दूरसंचार नियामकाची, १९०९ ची सोय. त्यात बँकिंग, प्रॉपर्टी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे विभाग आहेत, पण दान-देणगी असा विभागच नाही. तुम्ही विभाग निवडून ब्लॉक केलं असेल तर तेवढेच बंद होतात, म्हणून इंग्रजीत ‘START 0’, म्हणजे स्टार्ट हा शब्द, मग एक मोकळी जागा आणि मग शून्य, असा मेसेज १९०९ वर पाठवा, त्याने जाहिरातीचे सगळेच विभाग ब्लॉक होतात. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे नोंदणी केलेला जाहिरातीचा कॉल. खरा त्रास साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येणाऱ्यांचा असतो, तिथे फोन आल्या तारखेपासून ७ दिवसांत ट्रायच्या डीएनडी ॲपवर किंवा १९०९ वर तक्रार करा, आधी ही मुदत ३ दिवस होती, २०२५ मध्ये वाढवली. तारीख, वेळ, नंबर आणि काय बोलले ते दोन शब्दांत लगेच लिहून ठेवलंत तर तक्रार करताना आठवत बसायला लागत नाही.

प्रश्न : काल एका मुलीवर मी फोनवर इतका ओरडलो की ती रडवेली झाली. दिवसातला तो चौथा फोन होता. रात्रभर झोप नाही लागली. मी चुकलो का?

उत्तर : ओरडायला नको होतं, आणि तुम्हालाही ते कळलंय म्हणूनच झोप लागली नाही. पण फोन ठेवण्यात काहीच चूक नव्हती, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. चौथ्या फोनवर आवाज चढतो कारण पहिल्या तीन फोनवर आपण मनाविरुद्ध ऐकत राहिलेलो असतो. पहिल्याच फोनला दहा सेकंदांत ‘परत करू नका, धन्यवाद’ म्हणून ठेवलंत तर राग साठत नाही. आणि खरं सांगते, त्या खुर्चीत बसलेल्या मुलीला वीस मिनिटं बोलून शेवटी नाही म्हणणाऱ्यापेक्षा दहा सेकंदांत नाही म्हणणारा माणूस कितीतरी बरा वाटतो. मला वाटायचा.

प्रश्न : संस्था खरी की खोटी हे फोनवर कसं ओळखायचं? आवाज तर सगळ्यांचाच प्रामाणिक वाटतो.

उत्तर : फोनवर ओळखता येत नाही, म्हणून फोनवर ओळखायचा प्रयत्नच करू नका. नाव पूर्ण विचारा, नोंदणी क्रमांक विचारा, ‘तुम्ही संस्थेचे आहात की कंपनीचे आणि माझ्या पैशातला किती वाटा कामापर्यंत जातो’ हे विचारा, आणि फोन ठेवा. मग ती संस्था स्वतः शोधून, तिचा नंबर स्वतः काढून, द्यावंसं वाटलं तर थेट द्या. मोठ्या नामांकित संस्थेच्या नावासारखंच ऐकू येणारं नाव, ‘आजच्या आज द्या’ ची घाई, ‘तुम्ही मागे कबूल केलं होतं’ असं न आठवणारं आश्वासन, गिफ्ट कार्ड किंवा ओटीपीची मागणी, यातलं काहीही आलं की पुढे ऐकू नका. रेकॉर्ड केलेला आवाज ‘बंद करण्यासाठी अमुक दाबा’ म्हणाला आणि संस्था ओळखीची नसेल तर काहीही दाबू नका, दाबलं की नंबर चालू आहे आणि माणूस ऐकतोय एवढं त्यांना कळतं.

प्रमाण किती मोठं असू शकतं ते सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) आणि अनेक राज्यांनी मिळून देणगीचे फोन करणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली, तिने ६ कोटी ७० लाख लोकांना १३० कोटी फोन केले होते आणि ११ कोटी डॉलरच्या वर जमा केले होते. मागताना नावं कॅन्सरच्या रुग्णांची, बेघर माजी सैनिकांची. आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमधले काही वेळा ९० सेंट फोन करणाऱ्यांनीच ठेवले. देणाऱ्याला वाटलं त्याने रुग्णाला दिले, त्याने दिले टेलिफोनला.

प्रश्न : ताई, मी एका छोट्या संस्थेत स्वयंसेवक आहे. आमच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, आम्ही जुन्या देणगीदारांना फोन करतो. हल्ली लोक इतके तुसडेपणाने बोलतात की फोन उचलायचीच भीती वाटते. आमचं काम खरं आहे. मग आम्ही करायचं तरी काय?

उत्तर : तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण वरची सगळी उत्तरं वाचून तुझ्यासारख्यांना वाईट वाटेल हे मला माहीत होतं. लोक तुझ्यावर चिडत नाहीयेत बाळा, तुझ्या आधी आलेल्या तीन फोनवर चिडलेले असतात, पण ते झेलावं तुला लागतं. हे अन्यायाचं आहे.

फक्त ज्यांनी स्वतःहून नंबर दिलाय त्यांनाच फोन कर, विकत किंवा उसनी आणलेली यादी हातात घेऊ नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. पहिल्याच वाक्यात सांग की मी अमुक संस्थेतून बोलतेय आणि मदत मागायला फोन केलाय, आत्ता बोलायला वेळ आहे का? नाही म्हणाले तर लगेच विचार, ‘पुन्हा फोन केलेला चालेल की पत्र पाठवू की नकोच?’ हा प्रश्न मला त्या खोलीत कधी विचारू दिला नाही. आणि जे उत्तर येईल ते वहीत लिही आणि पाळ, पुढच्या वर्षी नवीन स्वयंसेवक येईल त्याच्याही हातात ती वही गेली पाहिजे.

आणि वर्षातून एक फोन असा कर ज्यात काहीच मागायचं नाही. मागच्या वेळच्या पैशांचं काय झालं, किती मुलांची वह्या-पुस्तकं आली, कोणतं काम अर्धं राहिलं, एवढंच सांगायचं आणि ठेवायचं. माझी मावशी, तीच कागद चिकटवणारी, तिने वहीत जे दोन नावं लिहिली होती त्यातलं एक अशाच एका संस्थेचं आहे. त्यांचा फोन आला की ती अजूनही खुर्ची ओढून बसते आणि सगळं ऐकून घेते.